गुरू हरतो तेव्हा

जुन्नर तालुक्यात पिंपळवंडी नावाचे गाव आहे. अशा एखाद्या गावात कबड्डीचे क्रीडांगण तयार करावयाचे, तर फारशी खटपट करावी लागत नाही. जागेतले खडे वेचावे, पाणी शिंपडून माती दाबून घ्यावी आणि फक्कीने रेषा आखाव्या, की झाले! चेंडू नको, बॅट नको, जाळे नको. सात गडी अलीकडे, सात गडी पलीकडे आणि प्रत्येकाच्या छातीत भरपूर दम, एवढीच या खेळाची सामग्री. आपल्या आजोबा-पणजोबांनी हाच खेळ हुतूतू या नावाने खेळला. तमिळनाडूत त्याला सडुगुडू म्हणतात, बंगालात हाडुडू म्हणतात. पैसा लागत नाही, म्हणून तो गरिबाच्याही अंगणात रमला.

या आपल्या घरच्या खेळात भारताचा पुरुष संघ अनेक वर्षे आशियात अजिंक्य होता. पुढे एके दिवशी तो हरला. त्या दिवशी पुष्कळांना वाईट वाटले. परंतु तो पराभव नीट समजून घेतला, तर त्यात लाजेपेक्षा शिकण्यासारखेच अधिक आहे. ते कसे, हे या पाठात आपण पाहू.

आधी खेळ कसा चालतो, ते आठवू. पुरुषांचे क्रीडांगण 13 मीटर लांब व 10 मीटर रुंद असते. मधल्या रेषेने त्याचे दोन सारखे भाग होतात. चढाई करणारा गडी ही मध्यरेषा ओलांडून एकटाच प्रतिपक्षाच्या अंगणात शिरतो. तोंडाने 'कबड्डी, कबड्डी' असा उच्चार त्याने अखंड चालू ठेवावयाचा असतो. दम तुटला की तो बाद. प्रत्येक चढाईला 30 सेकंद मिळतात. तेवढ्या वेळात एखाद्या गड्याला शिवून तो मध्यरेषेवर परत पोहोचला, तर शिवलेला गडी बाद होतो. त्यालाच धरून ठेवले, तर तो स्वतः बाद होतो. प्रतिपक्षाचा एक गडी बाद केला, की आपला आधी बाद झालेला एक गडी पुन्हा खेळात येतो. सारेच गडी बाद झाले, तर लोण चढतो आणि प्रतिपक्षाला 2 गुण जास्तीचे मिळतात. वीस-वीस मिनिटांच्या दोन डावांत ज्याचे गुण अधिक, तो संघ विजयी.

पूर्वी या खेळाचे नियम गावोगाव निरनिराळे असत. एका गावचा संघ दुसऱ्या गावी गेला, की खेळापेक्षा भांडणच अधिक रंगे. विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत महाराष्ट्रातील व्यायामप्रेमी मंडळींनी नियमांना निश्चित रूप देण्यास आरंभ केला. 1936 साली बर्लिन येथे ऑलिंपिक स्पर्धा भरल्या, त्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने तेथे भारतीय खेळांची प्रात्यक्षिके करून दाखवली. त्यांत कबड्डीही होती. 1950 साली अखिल भारतीय कबड्डी संघटना स्थापन झाली. पुढच्या काळात शंकरराव तथा बुवा साळवी यांनी या खेळाच्या प्रसारासाठी आयुष्य वेचले. त्यांचा जन्मदिवस, 15 जुलै, महाराष्ट्रात कबड्डी दिन म्हणून पाळला जातो.

अशा अनेकांच्या कष्टाला 1990 साली फळ आले. त्या वर्षी बीजिंग येथील आशियाई क्रीडास्पर्धांत कबड्डीला पदकाचे स्थान मिळाले आणि पहिले सुवर्णपदक भारताने पटकावले. 1990 पासून 2014 पर्यंत अशा सात स्पर्धा झाल्या आणि सातही वेळा पुरुषांचे सुवर्णपदक भारताकडेच आले.

आता थोडे बारकाईने पाहा. या वर्षांत भारताशी वारंवार झुंजणारा एक देश होता; तो म्हणजे इराण. 2004 साली मुंबईत विश्वचषकाचा अंतिम सामना झाला. त्यात भारताने इराणला 55 विरुद्ध 27 गुणांनी हरवले. हे अंतर 28 गुणांचे. 2007 साली पनवेल येथे पुन्हा तेच दोन संघ समोरासमोर आले. या वेळी गुण होते 29 आणि 19. म्हणजे अंतर 10 गुणांवर आले. 2014 साली इंचिऑन येथील आशियाई स्पर्धेत तर मध्यंतरापर्यंत इराणच पुढे होता. भारत कसाबसा 27 विरुद्ध 25 असा जिंकला. अंतर उरले अवघे 2 गुणांचे! 2016 साली अहमदाबादच्या विश्वचषकात भारताने इराणला 38 विरुद्ध 29 असे हरवले खरे, पण तेथेही मध्यंतराला इराण आघाडीवर होता. त्याच स्पर्धेच्या पहिल्याच सामन्यात दक्षिण कोरियाने भारताला 34 विरुद्ध 32 असा धक्का दिला होता. पदके आपल्याकडे येत होती. परंतु आकडे काही निराळेच सांगत होते.

अखेर 2018 साल उजाडले. जकार्ता येथील आशियाई स्पर्धेत भारत प्रथम दक्षिण कोरियाकडून 23 विरुद्ध 24 असा, एका गुणाने हरला. नंतर 23 ऑगस्ट रोजी उपांत्य सामन्यात इराणने त्याला 27 विरुद्ध 18 असे नमवले. अठ्ठावीस वर्षांत प्रथमच भारताचा पुरुष संघ अंतिम सामन्यात नव्हता. त्याला कांस्यपदकावर समाधान मानावे लागले.

हे घडले कसे? इराणात कुस्तीची परंपरा फार जुनी आहे. पाय धरावा कसा, पट काढावा कसा, हे तेथील तरुणांना कुस्तीतून ठाऊक होते. त्या बळाला त्यांनी अभ्यासाची जोड दिली. त्यांचे खेळाडू भारतातील व्यावसायिक स्पर्धांत आपल्याच खेळाडूंच्या खांद्याला खांदा लावून खेळले. फझल अत्राचली हा इराणचा नामांकित बचावपटू मुंबईच्या आणि पुढे पुण्याच्याही संघाकडून खेळला. कोणता भारतीय गडी कोणत्या पायावर वळतो, कोणाचा हात आधी पुढे येतो, हे त्यांनी डोळ्यांत तेल घालून पाहिले. जे शिकण्यासारखे दिसले, ते शिकून घेतले.

दुसऱ्याच दिवशी महिलांच्या अंतिम सामन्यातही इराणने भारतावर 27 विरुद्ध 24 असा विजय मिळवला. त्या इराणी मुलींना शिकवणाऱ्या प्रशिक्षक होत्या आपल्या नाशिकच्या शैलजा जैन! त्या वेळी त्यांच्या मनात काय कालवाकालव झाली असेल, याची कल्पना तुम्हीच करा. समोर स्वतःचा देश आणि आपल्या बाजूला स्वतःच्या शिष्या. परंतु ज्याने शिकवण्याचे काम पत्करले, त्याने हातचे राखून शिकवू नये, हा शिक्षकाचा धर्म आहे. तो त्यांनी पाळला.

असा प्रसंग केवळ आपल्यावरच आला असे नाही. बास्केटबॉल हा खेळ 1891 साली अमेरिकेत जेम्स नेस्मिथ या शिक्षकाने शोधून काढला. त्यात अमेरिकेचा हात धरणारा कोणी नाही, असे सारे जग समजत असे. 2004 साली अथेन्सच्या ऑलिंपिकमध्ये दक्षिण अमेरिकेतील अर्जेंटिना या देशाच्या संघाने उपांत्य सामन्यात अमेरिकेला 89 विरुद्ध 81 असे हरवले आणि पुढे सुवर्णपदकही जिंकले. अमेरिकेच्या संघात नामांकित खेळाडू होते. परंतु ते थोडेच दिवस एकत्र आले होते. अर्जेंटिनाचे खेळाडू मात्र वर्षानुवर्षे एकमेकांच्या साथीने खेळत आलेले होते. अमेरिकेने हा धडा मनावर घेतला. खेळाडूंनी राष्ट्रीय संघासाठी दीर्घकाळ एकत्र राहावे, अशी व्यवस्था तिने केली. 2008 साली बीजिंगमध्ये उपांत्य सामन्यात त्याच अर्जेंटिनाला हरवून तिने सुवर्णपदक परत मिळवले.

भारतानेही तेच केले. महामारीमुळे लांबलेली 2022 ची आशियाई स्पर्धा 2023 साली चीनमधील हांगझोऊ येथे झाली. 7 ऑक्टोबर रोजी भारत आणि इराण अंतिम सामन्यात पुन्हा समोरासमोर उभे राहिले. सामना संपत आला तरी दोघांचे 28-28 असे समान गुण होते. त्यातच एका चढाईचे गुण कोणाला द्यावे, यावरून वाद उपस्थित झाला आणि खेळ बराच वेळ थांबला. अखेर पंचांचा निर्णय झाला, खेळ पुढे सुरू झाला आणि भारताने 33 विरुद्ध 29 असा विजय मिळवला. या विजयी संघात आपल्या महाराष्ट्रातले दोन तरुण होते: अहिल्यानगर जिल्ह्यातला अस्लम इनामदार आणि नाशिक जिल्ह्यातला आकाश शिंदे. हे सुवर्णपदक आधीच्या सातांहून अधिक मोलाचे वाटते, कारण ते तुल्यबळ प्रतिस्पर्ध्याकडून झगडून मिळवलेले आहे.

ज्या खेळात एकच देश नेहमी जिंकतो, तो खेळ त्या देशापुरताच राहतो. दुसऱ्यांनी तो शिकावा आणि शिकवणाऱ्यालाही घाम फोडावा, तेव्हाच तो जगाचा होतो. शिष्याने आपल्याला हरवावे, अशी इच्छा गुरूने धरावी, असे आपल्याकडचे जुने लोक सांगत आले आहेत. मात्र हरल्यावर गुरूने पुन्हा विद्यार्थी व्हावयास हवे, ही त्या शिकवणुकीची दुसरी बाजू आपण विसरता कामा नये.

आता पुन्हा आपल्या गावच्या मातीकडे येऊ. तुम्ही धाकट्या भावाला कबड्डी शिकवता. पाय कसा टाकावा, दम कसा राखावा, हे त्याला दाखवता. एके दिवशी तुम्ही चढाईला जाता आणि तोच तुमचा पाय असा घट्ट धरतो, की मध्यरेषा वीतभर अंतरावर राहते. भोवतालची मुले हसू लागतात. अशा वेळी रुसून घरी जाण्याचा मोह होतो. परंतु तसे करू नये. अंगावरची माती झटकावी, भावाच्या पाठीवर थाप द्यावी आणि आपला पाय त्याच्या हाती सापडला कसा, हे त्यालाच विचारावे. पुढच्या चढाईची तयारी तेथूनच सुरू होते.