जुना सराव, नवे विमान

वैमानिकाच्या नोंदवहीत उड्डाणाचे जितके तास अधिक जमा, तितका तो अधिक भरवशाचा, असा आपणा सर्वांचा समज असतो आणि सामान्यतः तो खोटाही नसतो. परंतु ज्या विमानावर ते तास खर्ची पडले ते विमानच बदलले, म्हणजे मुरलेला सराव कधी कधी नव्या कामाच्या आड येतो.

दिनांक ८ जानेवारी १९८९ च्या रात्री ब्रिटिश मिडलंड कंपनीचे बोइंग ७३७-४०० हे विमान लंडनहून बेलफास्टला निघाले. मुख्य वैमानिकाच्या खाती १३,००० हून अधिक तास होते. मात्र ७३७ च्या या नव्या उपप्रकारावर त्याचे अवघे २३ आणि सहवैमानिकाचे ५३. या उपप्रकाराच्या सिम्युलेटरवर बसण्याचा योग दोघांनाही आला नव्हता, कारण जुनी व नवी विमाने दप्तरी एकाच कुळातली मानली जात.

वर चढत असताना डाव्या इंजिनाच्या पंख्याचे एक पाते तुटले, विमान हादरू लागले आणि वैमानिकांच्या कक्षात जळका वास आला. धूर प्रवाशांच्या भागातून पुढे येत आहे, त्या अर्थी बिघाड उजवीकडे आहे, हे मुख्य वैमानिकाचे अनुमान जुन्या विमानांतील वातानुकूलनाच्या रचनेवरून निघालेले होते. नव्या रचनेला ते लागू नव्हते. सहवैमानिकाला विचारले तेव्हा तोही डावे म्हणता म्हणता उजवे म्हणून गेला. इंजिनाचे कंपन दाखविणारा दर्शक समोरच होता, पण जुन्या विमानांवरील असले दर्शक बेभरवशाचे, म्हणून तिकडे पाहण्याची सवय राहिली नव्हती. शिवाय नव्या विमानात ती एक चिमुकली तबकडी होती. उजव्या इंजिनाची शक्ती कमी करताच धूर विरला आणि हादरे मंदावले, हा केवळ योगायोग. स्वयंचलित नियंत्रण काढून घेतल्यामुळे डाव्या इंजिनाला मिळणारे इंधनही त्याच सुमारास घटले होते. निदान खरे ठरल्याचा भास झाला आणि धडधाकट इंजिन बंद करण्यात आले. डावीकडच्या ज्वाळा काही प्रवाशांना दिसत होत्या. उजव्या इंजिनात बिघाड आहे ही घोषणा ऐकून ते चकित झाले, पण बोलले नाहीत. वैमानिकाला शिकवावे कुणी! तातडीने उतरण्यासाठी विमान ईस्ट मिडलंड्स विमानतळाकडे वळवले होते; अखेरीस डावे इंजिनही निकामी झाले आणि ते तेथील धावपट्टीअलीकडे, केगवर्थ गावाजवळ, महामार्गाच्या बांधावर कोसळले. १२६ पैकी ४७ जण दगावले.

जानेवारी १९९२ मध्ये फ्रान्समधील स्ट्रासबूर्गजवळ एअर इंटरचे एअरबस ए-३२० डोंगरावर आदळून ८७ माणसे गेली. तेथेही वैमानिक अननुभवी नव्हते, पण ए-३२० वर मुख्य वैमानिकाचे १६२ तास, सहवैमानिकाचे ६१. ३.३ अंशांचा उतार द्यावयाचा असता, एकाच खिडकीत दोन निरनिराळी मापे दाखविणाऱ्या विमानाच्या नियंत्रण-यंत्राला मिनिटाला ३,३०० फुटांचा उतार दिला गेला असावा, ही चौकशी समितीला सर्वांत संभाव्य वाटलेली मीमांसा.

अमेरिकेच्या नियमांत आता असे कलम आहे, की दोघा वैमानिकांपैकी निदान एकाचे त्या प्रकारच्या विमानावर प्रत्यक्ष सेवेतील ७५ तास भरलेले असावेत. अपवाद आहेत, पण दोन नवशिक्यांची जोडी सहसा जुळवता येत नाही. या हिशेबात अन्य विमानांवरील हजारो तास जमेस धरले जात नाहीत, मग तो वैमानिक कितीही ज्येष्ठ असो.