नळातील शिसे

स्वच्छ दिसणारे पाणी शुद्धच असते, असे आम्ही सारे सहज मानतो. परंतु पाण्यात मिसळलेल्या शिशास ना रंग, ना वास, ना चव. उकळूनही ते जात नाही. बालकांच्या वाढत्या मेंदूस ते विशेष घातक असून त्याचे निर्धोक असे प्रमाण शास्त्रज्ञांस आढळलेले नाही.

हे शिसे बहुधा नदीतून येत नाही. जुन्या नळांतून व त्यांच्या सांध्यांतून येते. म्हणूनच अमेरिकेच्या १९९१ च्या नियमाने पाण्याची परीक्षा घरच्या तोटीपाशी घेण्याचे ठरविले. शेकडा दहांहून अधिक नमुन्यांत लिटरमागे १५ मायक्रोग्रॅमहून जास्त शिसे आढळल्यास उपाय योजणे बंधनकारक झाले.

तरीही मिशिगन राज्यातील फ्लिंट शहरी एप्रिल २०१४ मध्ये काटकसरीसाठी पाण्याचा स्रोत बदलला गेला. नव्या पाण्यात नळांची झीज रोखणारे द्रव्य घातले नाही. नळांचे आतील कवच निघाले व शिसे घरोघरी पोहोचले. नागरिकांच्या तक्रारींवर अधिकारी पाणी निर्धोक असल्याचेच सांगत राहिले. सप्टेंबर २०१५ मध्ये डॉ. मोना हॅना-अटिशा यांनी मुलांच्या रक्ततपासणीचे आकडे मांडले, तेव्हा कोठे ऑक्टोबरात जुना स्रोत पुन्हा सुरू झाला.

भारतीय मानकाची मर्यादा लिटरमागे ०.०१ मिलिग्रॅम आहे. परंतु केवळ कागदावरील मर्यादा कोणाचे रक्षण करणार? विद्यार्थिमित्रांनो, मोजणारा प्रामाणिक हवा आणि विचारणारा जागरूक, एवढेच आम्हांस सांगावयाचे आहे.