पडद्यावरची भाकरी

ज्वारीची भाकरी चुलीवरून उतरते तेव्हा तिचा रंग एकच नसतो. मधोमध ती पांढुरकी असते, कडेला किंचित करडी. फुगून वर आलेल्या पापुद्र्यावर तपकिरी ठिपके असतात आणि निखाऱ्याचा स्पर्श झाला असेल तिथे जवळजवळ काळे डाग. पिठाचे कण दिसतात, थापणाऱ्या बोटांचे पुसट ठसे राहतात. हीच भाकरी छायाचित्राचा आधार न घेता संगणकावर रेखाटायची म्हटली, तर पहिल्या प्रयत्नात हाती येते ती बहुधा पुठ्ठ्याची गोल चकती. आकार बरोबर, रंगही बरोबर. पण ती खावीशी वाटत नाही. ही उणीव सॉफ्टवेअरची नसते, निरीक्षणाची असते.

पृष्ठभागाचा खडबडीतपणा, सच्छिद्रपणा किंवा स्निग्धपणा म्हणजे त्या पदार्थाचा पोत. उपाहारगृहाचे मेनूकार्ड, पाककृतींच्या पुस्तकाचे मुखपृष्ठ, खाद्यमहोत्सवाचे भित्तिपत्रक अशा कामांत चित्रकाराला तो हुबेहूब उतरवावा लागतो. त्यासाठी १९९० मध्ये बाजारात आलेले अॅडोबीचे फोटोशॉप वापरता येते किंवा १९९६ पासून विनामूल्य उपलब्ध असलेले गिम्प. दोहोंतील आज्ञांची नावे थोडीफार वेगळी असली, तरी तत्त्व एकच आहे.

फोटोशॉपमध्ये सुरुवात २००० बाय २००० पिक्सेलच्या कोऱ्या चित्रापासून करावी. छपाईसाठी इंचाला ३०० पिक्सेल धरल्यास त्यातून साडेसहा इंचांहून थोडे मोठे चित्र मिळते. स्वतंत्र लेयरवर लॅसो साधनाने हातानेच वर्तुळ काढावे. कंपासने काढल्यासारखे अचूक वर्तुळ टाळावे, कारण भाकरी थापली जाते, साच्यातून कापली जात नाही. या आकारात करड्या छटेचा पांढुरका रंग भरावा. पुढचे लेयर 'क्लिपिंग मास्क'ने याच आकाराला बांधून ठेवावेत, म्हणजे रंग कडेबाहेर जात नाही.

यानंतरचे काम तीन मापांत विभागावे. सर्वांत बारीक माप पिठाच्या कणांचे. त्यासाठी 'अॅड नॉइज' हा फिल्टर तीन-चार टक्के इतकाच वापरावा आणि 'मोनोक्रोमॅटिक' पर्याय निवडावा. अन्यथा लाल-हिरवे ठिपके उमटतात. सर्वांत मोठे माप रंगाच्या चढउताराचे. नव्या लेयरवर पांढुरका व फिकट तपकिरी रंग घेऊन 'क्लाउड्स' फिल्टर चालवावा, लेयर 'सॉफ्ट लाइट' पद्धतीने मिसळावा आणि त्याची गडदता तीस टक्क्यांच्या आसपास ठेवावी. मधले माप उंचसखलपणाचे. काळा-पांढरा रंग घेऊन आणखी एका लेयरवर 'क्लाउड्स' व त्यावर दोन-तीनदा 'डिफरन्स क्लाउड्स' चालवावा, मग 'एम्बॉस' करून तो लेयर 'ओव्हरले' पद्धतीने मिसळावा. 'ओव्हरले'मध्ये मध्यम करडा रंग अदृश्य होतो; उरतात ते फक्त उजळ चढ आणि गडद उतार. गिम्पमध्ये 'सॉलिड नॉइज' आणि 'बम्प मॅप' यांच्या साहाय्याने हाच परिणाम साधता येतो.

या कृत्रिम अनियमिततेलाही इतिहास आहे. १९८२ च्या 'ट्रॉन' या चित्रपटासाठी काम केलेल्या केन पर्लिन यांना संगणकीय चित्रांचा यांत्रिक गुळगुळीतपणा खटकला. त्यातून त्यांनी निसर्गासारखा विस्कळीतपणा निर्माण करणारी गणिती पद्धत विकसित केली. 'पर्लिन नॉइज' या नावाने ती ओळखली जाते. १९९७ मध्ये तिला ऑस्करचा तांत्रिक पुरस्कार मिळाला. गिम्पचा 'सॉलिड नॉइज' याच पद्धतीवर बेतलेला आहे.

भाजल्याचे डाग मात्र फिल्टरवर सोपवू नयेत. 'मल्टिप्लाय' लेयरवर ब्रशने ते एकेक करून रंगवावेत: मध्यभागी गडद तपकिरी, त्याभोवती फिकट तपकिरी, सर्वांत बाहेर पिवळसर कडा. शुद्ध काळा रंग वापरू नये. डाग पडतात ते पापुद्रा फुगून वर आलेल्या भागावर. खोलगट भागात रंगवले तर चूक नेमकी सांगता आली नाही तरी डोळ्याला खटकते. एकच डाग उचलून चार ठिकाणी चिकटवण्याचा मोहही टाळावा. पुनरावृत्ती नजरेला लगेच सापडते.

उरतो प्रकाश. तो एकाच दिशेने यायला हवा. एम्बॉसमध्ये तो डावीकडून वरून येत असेल, तर सावली उजवीकडे खालीच पडली पाहिजे. सावल्याही दोन असाव्यात: ताटाला चिकटलेली अरुंद व गडद आणि तिच्याबाहेर पसरलेली फिकट. भाकरी चकाकत नाही, म्हणून तिच्यावर तीव्र पांढरी चमक देऊ नये. वर लोण्याचा गोळा ठेवला तर नियम बदलतो. लोण्यात प्रकाश आत शिरतो, विखुरतो आणि पुन्हा बाहेर येतो. त्यामुळे त्याच्या छायेकडील बाजूलाही ऊबदार पिवळसर झाक असते. या आविष्काराचे व्यवहार्य गणित हेन्रिक वॉन जेन्सन व सहकाऱ्यांनी २००१ मध्ये मांडले. चित्रकाराला मात्र छायेत करड्याऐवजी मधाळ रंग वापरला, तरी बरेच साधते.

हे कौशल्य जितके वाढते, तितकी जबाबदारीही वाढते. १९६० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत कॅम्पबेल कंपनीच्या सूपच्या जाहिरातीत वाडग्याच्या तळाशी काचेच्या गोट्या ठेवल्या गेल्या होत्या. भाज्यांचे तुकडे वर दिसावेत आणि सूप भरगच्च वाटावे, हा त्यामागचा हेतू. तेथील फेडरल ट्रेड कमिशनने त्यावर आक्षेप घेतला. भारतातही ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार दिशाभूल करणारी जाहिरात कारवाईस पात्र आहे. मुखपृष्ठावरची रेखाटलेली भाकरी ही कला आहे; विक्रीच्या पाकिटावर, आतल्या वस्तूशी न जुळणारी तीच भाकरी ही फसवणूक ठरू शकते.

आज चार शब्द टंकले की कृत्रिम बुद्धिमत्ता क्षणात भाकरीचे चित्र काढून देते. पण त्यातले डाग योग्य जागी पडले आहेत की नाहीत, हे ओळखायला भाकरी निरखून पाहिलेली नजरच लागते. म्हणून संगणक सुरू करण्यापूर्वी एक खरी भाकरी खिडकीच्या उजेडात ठेवून दहा मिनिटे न्याहाळावी. पुढच्या सर्व कामाचा पाया तिथेच घातला जातो.