निजेला धोंडा : झोप येत नसेल तर काय सोडावं?

आजचा विषय झोपेचा आहे आणि जेवणाची वेळ जवळ आलेली आहे. तेव्हा मधेच कुणाचा डोळा लागला तर मी अजिबात रागावणार नाही. व्याख्यान लागू पडलं असंच समजेन.

झोप येत नाही म्हणून सल्ला विचारणाऱ्या माणसाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘काय घेऊ?’ गोळी घेऊ का, जायफळ घालून दूध घेऊ का, तळपायाला तेल चोळू का? प्रत्येकाला काहीतरी घ्यायचं असतं. मी आज उलट्या बाजूनं बोलणार आहे. काय सोडायचं, हा आजचा प्रश्न. कारण महिनोन् महिने चालणारा निद्रानाश बऱ्याचदा आपल्या अगदी साध्या, रोजच्या सवयींवर जगत असतो. आणि त्यातल्या निम्म्या सवयी आपण झोप येत नाही म्हणूनच लावून घेतलेल्या असतात.

आधी झोप येते कशी ते थोडक्यात बघू. आपल्याकडे म्हण आहे, भुकेला कोंडा आणि निजेला धोंडा. खरी भूक लागली की कोंडाही गोड लागतो आणि खरी झोप आली की उशाला धोंडा चालतो. या म्हणीत झोपेचं निम्मं शास्त्र आलेलं आहे. अलेक्झांडर बोर्बेली या झुरिकच्या संशोधकानं १९८२ साली मांडणी केली की झोप दोन गोष्टींवर चालते. एक म्हणजे झोपेची भूक. सकाळी उठल्यापासून ती साठत जाते. जितका वेळ जागे, तितकी जास्त. दुसरी म्हणजे शरीरातलं घड्याळ. मेंदूतल्या पेशींचा एक छोटासा पुंजका दिवस-रात्रीचा हिशेब ठेवतो आणि सकाळच्या उजेडानं तो रोज जुळवून घेतला जातो. भूक भरपूर साठलेली आहे आणि घड्याळ ‘रात्र झाली’ म्हणतंय, हे दोन्ही एका वेळी जमलं की झोप लागते. ती ओढून आणता येत नाही. फक्त तिच्या वाटेतले अडथळे काढता येतात.

आता एक उदाहरण घेऊ. समजा पंचावन्न वर्षांच्या एक बाई आहेत. यजमानांचं ऑपरेशन झालं, तीन आठवडे दवाखान्यात जागरणं झाली. अशा वेळी झोप उडणारच, त्यात आजार काही नाही. यजमान बरे होऊन घरी आले, कामाला लागले. बाईंची झोप मात्र परत आली नाही. सहा महिने झाले. असं का?

आर्थर स्पिलमन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं याचं फार उपयोगी उत्तर दिलं. तो म्हणाला, कारणं तीन प्रकारची असतात. काही माणसांची झोप मुळातच सावध असते, हे पहिलं. मग एखादं निमित्त घडतं, आजारपण, नोकरी जाणं, मृत्यू, हे दुसरं. आणि तिसरं म्हणजे निद्रानाश टिकवून धरणारं कारण. निमित्त निघून जातं, पण त्या काळात आपण जे उपाय सुरू केले ते मागे राहतात.

बाईंनी काय काय केलं बघा. रात्री झोप झाली नाही म्हणून दिवसा डोकं जड, म्हणून दोनाचे पाच चहा झाले. दुपारी जेवणानंतर दीड तास आडवं होणं सुरू झालं. रात्री ‘लवकर पडलं तर लवकर लागेल’ म्हणून साडेनऊलाच दिवा बंद. अकरा वाजता टक्क जागं, म्हणून मोबाईल हातात. मधे दर अर्ध्या तासानं घड्याळ. यातली एकही गोष्ट वेडेपणाची नाही. तुम्ही-आम्ही हेच करू. पण एकेक तपासली की प्रत्येक गोष्ट झोपेची भूक मारते, नाहीतर घड्याळ बिघडवते.

चहापासून सुरुवात करू. दिवसभर मेंदूत अडेनोसिन नावाचं द्रव्य साठत जातं. ते मेंदूतल्या ठरलेल्या जागांवर बसलं की पेंग येऊ लागते. कॅफिन काय करतं, तर एसटीत आपण रुमाल टाकून जागा धरतो ना, तसं त्या जागा अडवून बसतं. अडेनोसिन गाडीत उभंच राहतं. म्हणजे थकवा गेलेला नसतो, त्याचा निरोप पोचत नाही एवढंच.

हा रुमाल किती वेळ राहतो? शरीरातलं निम्मं कॅफिन संपायला साधारण पाच तास लागतात. कुणाला कमी, कुणाला बरेच जास्त, गरोदरपणात तर खूपच जास्त. म्हणजे संध्याकाळी पाचच्या चहातलं निम्मं कॅफिन रात्री दहाला अंगात असतं आणि पाव हिस्सा पहाटे तीनला. एका कपात तीस ते पन्नास मिलिग्रॅम कॅफिन धरा, कॉफीत त्याहून जास्त. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात लोकांना झोपायच्या सहा तास आधी ४०० मिलिग्रॅम कॅफिन दिलं, तर त्यांची झोप तासाभराहून जास्त कमी झाली. डोस मोठा होता हे मान्य. पण दिवसभरात पाच-सहा कप घेणाऱ्या माणसाच्या अंगातही बरंच कॅफिन जातं. ‘मला चहा घेऊनही झोप लागते’ असं अनेकजण सांगतात. लागते, पण ती हलकी होते, तुटते, आणि ते झोपलेल्या माणसाला कळत नाही.

मग चहा सोडायचा का? दुपारी बारानंतरचा सोडा, आणि हळूहळू. एकदम बंद केलात तर बारा ते चोवीस तासांत डोकं ठणकायला लागतं, चिडचिड होते, गळून गेल्यासारखं वाटतं. हे दोन दिवसांपासून नऊ दिवसांपर्यंत चालू शकतं. बहुतेक लोक याच टप्प्यावर हार मानतात. दर तीन-चार दिवसांनी अर्धा कप कमी करत गेलात तर हा त्रास फारसा होत नाही.

खरी अडचण डोकेदुखीची नाहीच. अडचण आहे ती ‘का हो, आमच्याकडचा चहा चालत नाही का?’ या प्रश्नाची. आपल्याकडे चहा नाकारणं म्हणजे माणसाला नाकारणं. सोयरीक चहावर ठरते, भांडण चहावर मिटतं, ऑफिसातली खरी बातमी टपरीवर कळते. त्यामुळे चहा सोडणारा माणूस काही दिवस चक्क एकटा पडतो. त्यावर उपाय असा की टपरीवर जाणं सोडू नका, कप बदला. घरी ताक, कोकम सरबत, गवती चहाचा काढा चालेल. फक्त त्यात चहा पावडर टाकू नका. ग्रीन टी मात्र चालणार नाही, त्यातही कॅफिन असतं. आणि यजमानांना ‘दुपारनंतर घेत नाही, सकाळी नक्की येतो’ असं सांगा. ‘नको’पेक्षा हे लोकांना पटकन पटतं.

दुसरी सवय दुपारच्या झोपेची. पुण्यात हे बोलायचं म्हणजे धाडस आहे! ज्याला रात्री छान झोप लागते त्यानं दुपारी खुशाल वीस मिनिटं डुलकी काढावी. पण रात्रीच्या झोपेची रड असेल तर दुपारी दीड तास झोपणं म्हणजे जेवणाआधी पोटभर भजी खाण्यासारखं आहे. मग पानावर बसल्यावर भूक कुठून येणार? अपवाद एकच. गाडी चालवताना किंवा मशीनवर पेंग येत असेल तर ताबडतोब थांबा आणि झोप काढा. तिथे नियम नाही, जीव महत्त्वाचा.

तिसरी सवय सगळ्यात अवघड. लवकर अंथरुणात जाणं आणि जागं असूनही पडून राहणं. बाई रात्री साडेनऊ ते सकाळी साडेसहा अंथरुणात असतात. नऊ तास. त्यातली झोप साडेपाच तास. उरलेले साडेतीन तास काळजी करण्यात जातात, आणि रोज हे झालं की मेंदू शिकतो, अंथरूण ही काळजी करायची जागा आहे. सोफ्यावर बातम्या बघताना डुलक्या येतात आणि पाठ टेकली की झोप उडते, हा अनुभव इथे पुष्कळांना असेल. रिचर्ड बूट्झिन यांनी १९७२ साली यावर साधे नियम सांगितले. पेंग आल्याशिवाय आडवं व्हायचं नाही. वीसेक मिनिटं झोप लागली नाही असं वाटलं की उठायचं, पेंग आली की परत जायचं. उठायची वेळ रोज एकच, रविवारीसुद्धा.

पाश्चात्य पुस्तकं सांगतात, ‘दुसऱ्या खोलीत जा’. आपल्याकडे प्रत्येकाला दुसरी खोली असते असं नाही. एका खोलीत पाच माणसं झोपत असतील तर? मग गादी गुंडाळा आणि भिंतीला टेकून बसा. खुर्ची असेल तर खुर्चीत बसा. मंद दिव्यात लसूण सोला, माळ जपा, कंटाळवाणं काहीही करा. मुद्दा इतकाच की जागेपण आणि अंथरूण यांची गाठ सुटली पाहिजे.

याच्या पुढची पायरी स्पिलमन यांची. जितकी झोप होते, साधारण तितकाच वेळ अंथरुणात. बाईंनी उठायची वेळ सहा ठरवली तर अंथरुणात जायचं साडेबाराला. पहिले आठ-दहा दिवस फार जड जातात, हे मी आधीच सांगून ठेवतो. पण भूक साठते. अंथरुणातला पंच्याऐंशी ते नव्वद टक्के वेळ झोपेत जाऊ लागला की आठवड्याला पंधरा मिनिटं वाढवत न्यायची. पाच तासांच्या खाली कधी जायचं नाही. ज्यांना फिट्स येतात, ज्यांना बायपोलर आजार आहे किंवा ज्यांचं काम गाडी चालवण्याचं आहे, त्यांनी हे डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय करू नये.

बाकीचं भराभर. भिंतीवरचं घड्याळ झोपण्याच्या जागेवरून दिसणार नाही असं लावा; गजर पुरेसा आहे. मोबाईल दुसऱ्या टोकाला चार्जिंगला लावा. तंबाखू, मशेरी, सिगारेट यांतलं निकोटिन उत्तेजक आहे. झोपण्याआधीची शेवटची चिमूट आधी सोडा. आणि ‘थोडी घेतली की छान लागते’ म्हणणाऱ्यांसाठी : दारूनं झोप लवकर लागते, पण उत्तररात्री ती तुटते आणि घोरणं वाढतं.

या सगळ्या पद्धतीला मिळून निद्रानाशासाठीचा वर्तनोपचार म्हणतात. अमेरिकेतल्या फिजिशियन डॉक्टरांच्या संघटनेनं २०१६ साली दीर्घकाळच्या निद्रानाशासाठी हाच पहिला उपचार सुचवला, गोळी त्यानंतर. मात्र जोरात घोरणं, झोपेत श्वास अडकणं, किंवा पहाटे जाग येऊन मन सतत उदास राहणं अशी लक्षणं असतील तर घरचे प्रयोग करत बसू नका. डॉक्टरांना दाखवा.

आता श्रोत्यांचे दोन प्रश्न घेतो.

‘आठ तास झोप झाली नाही तर आयुष्य कमी होतं का?’ प्रौढ माणसाला सात किंवा अधिक तास लागतात, हे सर्वसाधारण प्रमाण आहे. पण त्या आकड्याची परीक्षा करू नका. दिवसभर काम नीट होतंय, पेंग येत नाही, मन बरं आहे, तर तुमचा आकडा तुमच्यापुरता ठीक आहे. एखादी रात्र वाईट गेली तर दुसऱ्या दिवशी तिची भरपाई करायला जाऊ नका. नेहमीच्या वेळी उठा, उन्हात जरा फिरून या. वाईट रात्री पुढेही येतील, सगळ्यांनाच येतात.

‘मी पंधरा वर्षं झोपेची गोळी घेतोय, तुमचं ऐकून आजपासून बंद करू का?’ नाही, अजिबात नाही. काही गोळ्या एकदम बंद केल्या तर झोप पूर्ण उडते, घबराट होते, क्वचित फिटही येऊ शकते. ज्यांनी लिहून दिली त्यांच्याकडे जा आणि ‘मला ही कमी करत न्यायची आहे’ असं सांगा. त्याला काही महिने लागले तरी चालतील. तोवर दुपारचा चहा सोडायला मात्र कुणाच्या चिठ्ठीची गरज नाही. तो उद्यापासून कमी करा.