चांदबिबीचा महाल कुणाचा? नगरच्या प्रेक्षणीय स्थळांविषयी गैरसमज आणि वस्तुस्थिती

अहिल्यानगर शहराच्या पूर्वेला, पाथर्डीकडे जाणाऱ्या रस्त्यालगत शाह डोंगराच्या माथ्यावर एक अष्टकोनी, तीन मजली दगडी इमारत दिसते. शाळांच्या सहलींपासून पर्यटनाच्या फलकांपर्यंत सगळीकडे तिचे नाव ‘चांदबिबीचा महाल’. प्रत्यक्षात ती इमारत महाल नाही आणि चांदबिबीचीही नाही. तो सलाबतखानाचा मकबरा आहे. सलाबतखान हा निजामशाहीतील चौथा सुलतान मुर्तजा निजामशहा याचा वजीर. त्याची कबर इमारतीच्या तळघरात आहे. वरच्या मजल्यांवरच्या मोकळ्या कमानींमधून वारा खात दूरवरचा मुलूख पाहणाऱ्याला पायाखाली थडगे आहे याची कल्पना येत नाही, आणि बहुधा त्यामुळेच महालाची समजूत टिकून राहिली.

चांदबिबी ही हुसेन निजामशहाची मुलगी आणि विजापूरच्या अली आदिलशहाची राणी. पतीच्या मृत्यूनंतर ती माहेरी आली आणि १५९५-९६ मध्ये शहजादा मुराद याच्या मोगल फौजेपुढे तिने नगरचा किल्ला लढवला. त्याआधीच सलाबतखान वारला होता. १६०० मध्ये स्वपक्षाच्याच लोकांनी चांदबिबीला ठार केले, तेही किल्ल्यातच. तिचा पराक्रम पाहायचा तर डोंगर उतरून भुईकोट किल्ल्यात जावे लागते.

या किल्ल्याविषयीचे समज वेगळे आहेत. आजची दगडी तटबंदी शहर वसवणाऱ्या मलिक अहमदने १४९० मध्ये उभारली, असे सर्रास सांगितले जाते. शहराची सुरुवात त्याचीच. पण त्याच्या काळातला कोट मातीचा होता. दगडी तट, बुरूज आणि खंदक हे काम त्याचा नातू हुसेन निजामशहा याने १५५९ नंतरच्या काही वर्षांत करून घेतले. तटाचा घेर सुमारे पावणेदोन किलोमीटर आहे.

किल्ला इतका भक्कम, म्हणून तो अजिंक्यच असणार, असेही अनेकांना वाटते. इतिहास तसा नाही. चांदबिबीच्या मृत्यूनंतर लगेच १६०० मध्ये तो मोगलांकडे गेला. १७५९ मध्ये पेशव्यांनी तो घेतला, पण तोफा डागून नव्हे, किल्लेदार कवीजंग याला पैसे मोजून. पुढे तो दौलतराव शिंद्यांकडे आला आणि ऑगस्ट १८०३ मध्ये आर्थर वेलस्लीच्या इंग्रजी फौजेने काही दिवसांत ताब्यात घेतला. हाच वेलस्ली पुढे वॉटर्लूच्या लढाईत नेपोलियनला हरवणारा ड्यूक ऑफ वेलिंग्टन.

‘छोडो भारत’ चळवळीत महात्मा गांधींनाही याच किल्ल्यात ठेवले होते, हा समज मात्र सपशेल चुकीचा. गांधीजी पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये स्थानबद्ध होते. नगरच्या किल्ल्यात काँग्रेस कार्यकारिणीचे सदस्य होते: जवाहरलाल नेहरू, वल्लभभाई पटेल, मौलाना आझाद, आचार्य नरेंद्र देव, गोविंद वल्लभ पंत, शंकरराव देव आणि इतर. नेहरूंनी ‘द डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ येथे १९४४ च्या एप्रिल ते सप्टेंबर या पाच महिन्यांत लिहून काढले. त्या मानाने आझादांचे ‘गुबार-ए-खातिर’ महाराष्ट्रात कमी ठाऊक आहे. ती एका मित्राला उद्देशून लिहिलेली, पण तुरुंगातून पाठवता न आलेली उर्दू पत्रे आहेत, आणि त्यांचाही जन्म याच तटांच्या आतला. किल्ला लष्कराच्या ताब्यात असल्याने प्रवेशाचे नियम जाण्यापूर्वी विचारून घेणे बरे.

किल्ल्याजवळच्या भिंगारमध्ये आलमगीर नावाचे ठिकाण आहे. औरंगजेबाची कबर तिथे आहे असे समजून लोक येतात. ३ मार्च १७०७ रोजी औरंगजेबाचा मृत्यू नगरलाच झाला हे खरे. दफन मात्र खुलदाबादला झाले.

फराहबागेबद्दलची दंतकथा सर्वांत लाडकी: ही वास्तू पाहून शाहजहानला ताजमहाल सुचला. फराहबाग म्हणजे तलावाच्या मधोमध बांधलेला अष्टकोनी विलासमहाल. तो १५८३ च्या सुमारास पूर्ण झाला, आणि त्याच्या बांधकामातही वर आलेल्या सलाबतखानाचा हात होता. पण अष्टकोनी मांडणी मोगलांना नगरला येऊन शिकायची गरज नव्हती. दिल्लीतला हुमायूनचा मकबरा फराहबागेच्या सुमारे दशकभर आधीचा, आणि ताजमहालाचे पूर्वरूप म्हणून अभ्यासक त्याच्याकडेच बोट दाखवतात. फराहबाग सुंदर ठरायला ताजमहालाच्या शिफारशीची गरज नाही. त्या भोवतालच्या कोरड्या तलावात पाणी होते तेव्हा हे उंच दालन कसे दिसत असेल, एवढा विचार पुरेसा आहे.

‘आशियातले एकमेव’ हे बिरुद रणगाडा संग्रहालयाला लावले जाते. आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलचे हे संग्रहालय १९९४ मध्ये सुरू झाले. रोल्स-रॉइसची चिलखती गाडी, दुसऱ्या महायुद्धातले रणगाडे, १९६५ च्या युद्धात पाकिस्तानकडून हस्तगत केलेला पॅटन, भारतात बनलेला विजयंता असा ऐवज तिथे आहे. भारतापुरते ते वैशिष्ट्यपूर्ण आहेच. परंतु इस्राएल आशियातच आहे आणि तिथल्या लात्रून येथे रणगाड्यांचे मोठे संग्रहालय आधीपासून आहे.

शहराचे ‘अहिल्यानगर’ हे नवे नावही एक गैरसमज सोबत घेऊन आले आहे. अहिल्यादेवी होळकरांचा जन्म नगर शहरात झाला नाही. त्यांचे जन्मगाव चौंडी जामखेड तालुक्यात आहे, आणि त्यांनी कारभार केला तो नर्मदाकाठच्या महेश्वरातून.

जिल्ह्याबाबतचा नेहमीचा घोटाळा अंतराचा आहे. सतरा हजारांहून अधिक चौरस किलोमीटरचा हा जिल्हा राज्यात क्षेत्रफळाने सर्वांत मोठा. शिर्डी, शनिशिंगणापूर, किल्ला आणि भंडारदरा एका दिवसात उरकण्याचे बेत त्यामुळेच फसतात. १,६४६ मीटर उंचीचे कळसूबाई अनेकांच्या लेखी नाशिकचे. शिखर दोन्ही जिल्ह्यांच्या सीमेवर आहे, पण चढाईची नेहमीची वाट अकोले तालुक्यातल्या बारी गावातून जाते. अष्टविनायकांपैकी सिद्धटेकही पुण्याचे समजले जाते. भीमेच्या एका काठाला पुणे जिल्हा, मंदिर मात्र दुसऱ्या काठाला, कर्जत तालुक्यात.