पलंगाखालच्या चार विटा

रात्रीचे अडीच वाजलेले असतात. घर झोपलेलं असतं आणि आपण पलंगाच्या कडेला पाय सोडून बसलेलो असतो. छातीच्या मधोमध निखारा ठेवल्यासारखी आग, तोंडात आंबट-कडू पाणी आणि मनात एकच प्रश्न : हे पित्त की हार्ट? ज्यांनी ही रात्र काढली आहे त्यांना पुढचं सांगायला नको.

माझ्यापुरता तो प्रश्न नुसता घाबरटपणाचा नव्हता. १९७८ साली, मी कॉलेजात असताना, एका रात्री वडिलांच्या छातीत दुखू लागलं. ‘गॅस झालाय,’ ते म्हणाले. आईनं लिंबू पिळून सोडा दिला, ओवा चावायला दिला, पाठ चोळली. डॉक्टर दोन गल्ल्या सोडून राहत होते. पण गॅससाठी कुणी डॉक्टरांना झोपेतून उठवतं का? पहाटे चारला वडील गेले. ५४ वर्षांचे होते.

म्हणूनच चाळिशीत माझी जळजळ सुरू झाली तेव्हा मी ती कुणाला सांगितलीच नाही. सांगितलं की तपासणी आली, आणि तपासणीत काय निघेल याची धास्ती. बँकेत झाकून ठेवणं सोपं होतं. मार्चअखेरचं क्लोजिंग, अठ्ठावीस रुपयांचा फरक शोधत रात्री दहापर्यंत बसणं, दिवसाला सात-आठ कप चहा, घरी येऊन अकराला जेवण आणि लगेच आडवं. टेबलाच्या खणात अँटासिडच्या गोळ्यांची पट्टी असायची. बाकीच्यांच्याही खणात असायची. ‘आज साहेबांचं पित्त खवळलंय,’ असं शिपाई म्हणायचा, तेव्हा तो माझ्या रागाबद्दल बोलतोय की पोटाबद्दल, हे मलाही सांगता आलं नसतं.

आपल्या भाषेनंच हा घोटाळा करून ठेवला आहे. माणूस रागावला तर पित्त, अंगावर गांधी उठल्या तर पित्त, डोकं दुखून उलटी झाली तर पित्त आणि छातीत जळजळलं तरी पित्तच! डॉक्टरांच्या हिशेबी पित्त म्हणजे यकृतात तयार होणारा हिरवट-पिवळा रस. जळजळ होते ती बहुधा जठरातल्या हायड्रोक्लोरिक आम्लानं. ते प्रत्येकाच्या पोटात असतं, असायलाच हवं. जठराला त्यापासून वाचवणारं अस्तर असतं. अन्ननलिकेला तसं नसतं. दोघांच्या मध्ये स्नायूचं एक कडं आहे. घास खाली सोडायचा आणि मिटायचं, एवढंच त्याचं काम. ते सैल पडलं किंवा भलत्या वेळी उघडलं की आम्ल वर येतं. म्हणजे पुष्कळांच्या बाबतीत आम्ल जास्त नसतंच, दार नीट लागत नसतं. जुन्या वैद्यांच्याही हे वर येणं ध्यानात आलेलं दिसतं. ‘माधवनिदाना’त अम्लपित्ताचे ऊर्ध्वग आणि अधोग असे दोन प्रकार सांगितलेले आहेत.

उपाय मी पंधरा वर्षं करत होतो. मोरावळा झाला, धने-जिऱ्याचं पाणी झालं. रात्री थंड दूध प्यायचो. घटकाभर बरं वाटायचं, मग पुन्हा तेच. कारण दूध पोटात गेलं की जठर ते पचवायला आणखी आम्ल सोडतं. पुदिन्याचा अर्क घ्यायचो. गॅसला तो चांगला असेल, पण ते कडं त्यानं आणखी सैल पडू शकतं! हे सगळं नंतर कळलं.

२०१८ साली एका रात्री हिनं दिवा लावला. ‘अहो, किती वर्षं असे उठून बसणार आहात?’ म्हणजे तिला सगळं ठाऊक होतं. दुसऱ्या दिवशी ती मला डॉक्टरांकडे घेऊन गेली. डॉक्टर माझ्या मुलीच्या वयाच्या. त्यांनी पोटाला हात लावण्याआधी कार्डिओग्राम काढला, मग पट्ट्यावर चालवून तपासणी केली, आणि त्यानंतर एंडोस्कोपी. ‘काका, हृदय उत्तम आहे. अन्ननलिका मात्र भाजून निघाली आहे.’ चाळीस वर्षं ज्या बातमीला भीत होतो ती आलीच नव्हती. मी बाहेरच्या बाकावर जरा वेळ नुसता बसून राहिलो.

त्यांनी लिहून दिलेली गोळी पाहून मी म्हटलं, ‘ही तर मी घेतोच की!’ ओमेप्रॅझोल युरोपात १९८८ साली आलं. आपल्याकडेही ते आणि त्याची भावंडं घराघरांत आहेत.

‘कधी घेता?’

‘जळजळलं की.’

त्या हसल्या. जठरात आम्ल सोडणारे सूक्ष्म पंप असतात आणि जेवणाच्या वेळी ते कामाला लागतात. ही गोळी चालू पंपालाच बंद पाडते. म्हणून ती न्याहारीआधी अर्धा तास घ्यायची, म्हणजे पंप सुरू होताना औषध रक्तात हजर असतं. मी ती जेवणानंतर, आग लागल्यावर घेत होतो. चेक वटून गेल्यावर ‘स्टॉप पेमेंट’चा अर्ज देण्यासारखंच ते. बँकेत असा अर्ज घेऊन येणाऱ्यांना मी किती ऐकवलं असेल!

गोळी आठ आठवडे, नेमानं. मग हळूहळू कमी. आपल्या मनानं वर्षानुवर्षं चालू ठेवायची नाही आणि आपल्या मनानं एकदम बंदही करायची नाही. एकदम सोडली तर आम्ल उसळी मारतं.

गोळीइतकाच गुण आला तो विटांचा. मी दोन-तीन उशा रचून झोपत असे. त्यानं माणूस कमरेत दुमडतो आणि पोटावर दाब वाढतो. उचलायचा तो पलंगच. उशाकडच्या दोन पायांखाली दोन-दोन विटा घातल्या, सहा इंच चढ झाला. डाव्या कुशीवर झोपू लागलो, कारण त्या कुशीवर जठर कड्याच्या खाली राहतं. रात्रीचं जेवण साडेसातला आणलं, त्यावरून घरात महिनाभर कुरबुर चालली. सहा किलो वजन उतरवलं. पथ्याची छापील यादी डॉक्टरांनी दिलीच नाही. काय खाल्लं आणि काय झालं ते लिहून ठेवा म्हणाल्या. खतावणी लिहिण्याची सवय होतीच. सकाळची मिसळ मला चालते, रात्रीचे दोन बटाटेवडे चालत नाहीत. दुसऱ्या कुणाचं उलट असेल. तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी जाग आली ती थेट सहाला.

मात्र गिळताना घास अडकणं, वजन आपोआप उतरणं, शौचाला काळं होणं, यांतलं काही असेल तर विटांच्या भरवशावर राहायचं नाही, डॉक्टर गाठायचा. आणि छातीवर दडपण, दरदरून घाम, हाताकडे किंवा जबड्याकडे जाणारी कळ, यांतलं काही असेल तर सोडाही नाही आणि सकाळची वाट पाहणंही नाही.

गेल्या वर्षी रात्री अकराला धाकट्या भावाचा फोन आला. ‘दादा, छातीत भरून आलंय. गॅस असावा, सोडा घेतलाय.’ मी त्याच्यावर असा ओरडलो की ही जागी झाली. पुतण्यानं त्याला तसाच हॉस्पिटलात नेलं. कार्डिओग्राम स्वच्छ, रक्ताची तपासणी स्वच्छ, एक रात्र देखरेख. गॅसच होता. त्या बिलावरून तो मला आजही टोमणे मारतो. दिवाळीत आला तेव्हा मात्र वाकून आमच्या पलंगाखाली बघत होता, आणि निघताना विटा उभ्या लावायच्या की आडव्या, ते विचारून गेला.