समान म्हणजे नेमके काय? संगणकातले तीन ‘वऱ्हाड’

‘वऱ्हाड’ हा शब्द संगणकात तीन तऱ्हांनी साठवता येतो आणि पडद्यावर तिन्ही हुबेहूब सारखे दिसतात. पहिल्या तऱ्हेत ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर असते, त्याचा पाय मोडून पुढे ‘ह’ येतो. दुसरीत साध्या ‘र’खाली नुक्ता, म्हणजे टिंब, देऊन तेच साधले जाते. तिसरीत साधा ‘र’, पाय मोडण्याचे चिन्ह आणि त्यामागून शून्य रुंदीचे अदृश्य जोडचिन्ह. अक्षरांना संकेत नेमून देणाऱ्या युनिकोड मानकाच्या जुन्या, २.० आवृत्तीशी मेळ राहावा म्हणून ही रीत अजून चालते. पहिल्या रूपात ६ संकेत असतात, इतर दोन्हींत ७. अमरावती जिल्ह्यातले कुऱ्हा हे गाव, अकोल्याच्या शिवारातली पऱ्हाटी, वऱ्हाडपांडे हे आडनाव, सगळ्यांना हेच लागू आहे.

मग ही तीन रूपे समान आहेत का? पायथन भाषेतले दुहेरी बरोबरचिन्ह (==) ‘नाही’ म्हणते, कारण ते संकेतामागून संकेत ताडून पाहते. स्विफ्ट भाषेत पहिली दोन समान ठरतात, कारण युनिकोडनेच त्या रूपांना सममूल्य मानले आहे. तिसरे तिथेही वेगळेच राहते. यातली कोणतीही भाषा चुकत नाही. दोघींनी समानतेचा वेगवेगळा अर्थ निवडला आणि आपापल्या दस्तऐवजात तो लिहून ठेवला. गावांच्या याद्या जुळवणाऱ्याने तो वाचला नाही, तर एकच कुऱ्हा दोनदा मोजले जाईल. अदृश्य चिन्ह सरसकट गाळून टाकण्याचा सोपा उपाय मराठीत घातक आहे. त्या रीतीने लिहिलेल्या ‘दऱ्या’ मग ‘दर्या’ होतात, दरीच्या जागी समुद्र येतो. तुलनेआधी तिसरे रूप पहिल्यात बदलून घेणे, हाच खरा मार्ग.

अर्थ कोणताही निवडला, तरी गणित त्याच्याकडून तीन गोष्टी मागते. प्रत्येक वस्तू स्वतःशी समान असावी. ‘अ’ आणि ‘ब’ समान असतील, तर ‘ब’ आणि ‘अ’ही असावेत. ‘अ’ व ‘ब’ समान आणि ‘ब’ व ‘क’ समान असतील, तर ‘अ’ व ‘क’ समान असावेत. या गुणांना अनुक्रमे परावर्ती, सममित आणि संक्रामक म्हणतात. तिन्ही असले की तो सममूल्यता संबंध होतो. ‘एकाच तालुक्यातील’ हा असा संबंध आहे, म्हणूनच गावांची तालुकावार वाटणी निर्विवाद होते. ‘जवळचे’ हा तसा नाही. मूर्तिजापूर अकोल्याला जवळचे म्हटले आणि बडनेरा मूर्तिजापूरला, तरी अकोला आणि बडनेरा जवळचे ठरत नाहीत.

दशांश अपूर्णांकांत नेमकी हीच अडचण येते. द्विमान पद्धतीत ०.१ तंतोतंत मावत नाही, त्यामुळे ०.१ आणि ०.२ यांची बेरीज बहुतेक भाषांत ०.३ शी समान निघत नाही. थोडा फरक चालवून घेतला, तर गणित सोयीचे होते, पण संक्रामकता जाते. अशा तुलनेला समानता म्हणणे टाळलेलेच बरे. जावास्क्रिप्टच्या दुहेरी चिन्हातही हा गुण नाही. तिथे रिकामा मजकूर आणि शून्य समान, शून्य आणि ‘0’ हा मजकूर समान, पण ते दोन मजकूर आपसात असमान. १९८५ च्या आयईईई ७५४ मानकाने तर पहिलीच अट सोडली: शून्याला शून्याने भागल्यावर मिळणारे ‘नॅन’ हे मूल्य स्वतःशीही समान नसते.

रस्ट भाषेने याचा प्रामाणिक हिशेब ठेवला आहे. तिथे समानतेच्या दोन पातळ्या आहेत. वरच्या पातळीवर तिन्ही गुणांची हमी लागते, आणि दशांश संख्यांना तिथे जागा नाही. जावाचा दस्तऐवज आणखी एक बंधन घालतो: समान वस्तूंचा हॅश, म्हणजे साठवणीची जागा ठरवणारा अंक, सारखाच हवा. नाहीतर नोंद एका कप्प्यात पडते, शोध दुसऱ्याच कप्प्यात चालतो, आणि असलेली नोंद सापडत नाही.